मानपत्राचा शेवटचा परिच्छेद

"मग तोंडावर सांगा की त्यांना," इसाक मुजावर म्हणाला. "सर, उद्यापासनं येऊ नका. एवढंच तर सांगायचंय. त्याला फेटा कशाला पाहिजे?"

कॉलेजच्या जिमखान्याच्या खोलीत आम्ही सातजण बसलो होतो. सर्जेराव कॉलेजच्या माजी विद्यार्थी संघाची कार्यकारिणी. साल १९९४, फेब्रुवारी संपत आलेला. तीन दिवसांपूर्वी आमचं कॉलेज विद्यापीठाच्या फुटबॉल स्पर्धेची फायनल एक-शून्यनं हरलं होतं आणि तीही सांगलीच्या पोरांकडून. कोल्हापुरात बाकी काहीही हरलेलं चालतं. फुटबॉल चालत नाही, आणि सांगलीकडून तर मुळीच नाही.

संघाचे अध्यक्ष रणजित खर्डेकर टेबलाच्या टोकाला बसले होते. स्टेशन रोडला त्यांचं हॉटेल होतं. एके काळी ते कॉलेजचे गोलकीपर होते, आणि अजूनही बोलताना दोन्ही हात पुढं धरायचे.

"इसाक, अरे पंचवीस वर्षं ज्या माणसानं आपल्याला खेळवलं, त्याला हाकलायचं? शोभतं का आपल्याला?" ते म्हणाले. "आपण सरांचा सत्कार करायचा. दणक्यात. शाल, श्रीफळ, मानपत्र. आणि त्यातच निवृत्ती जाहीर करायची. त्यांचा मान राहतो, आपलं काम होतं."

"सरांना माहीत आहे, ते निवृत्त होणार ते?"

"कळेल की."

"स्टेजवर?"

"चारचौघांत कळलं की माणूस नाही म्हणत नाही," खर्डेकर म्हणाले. सगळे हसले. मीही हसलो. मी संघाचा सेक्रेटरी होतो आणि मिटिंगचा वृत्तांत लिहीत होतो. ते वाक्य मी लिहिलं नाही.

सर म्हणजे हिंदुराव सरनोबत. महापालिकेच्या पाण्याच्या खात्यात फिटर. पहाटे साडेपाचला सायकलवरून मैदानावर, आठ वाजता कामावर, संध्याकाळी पाचला परत मैदानावर. १९६९ पासून असंच चाललं होतं. कॉलेजनं त्यांना नेमणुकीचं पत्र कधी दिलं नव्हतं आणि त्यांनी कधी मागितलं नव्हतं. फुटबॉल संघाचं सगळं कॉलेजनं माजी विद्यार्थ्यांवर सोपवलेलं. म्हणजे त्यांना काढणारेही आम्हीच.

त्यांचा गुन्हा हा होता. खर्डेकरांनी खटपट करून विश्वजित जांभळे नावाच्या फॉरवर्डला कॉलेजात आणलं होतं. पोरगं खरोखर चांगलं. पण ते त्याच्या पेठेच्या तालमीकडूनही खेळायचं, आणि आमच्याकडं पेठ आधी, बाकी सगळं मागून. फायनलच्या आधीच्या आठवड्यात पेठेचे सामने होते म्हणून त्यानं कॉलेजची प्रॅक्टिस चार दिवस बुडवली. सरांचा नियम होता, तीन दिवस बुडवले की त्या सामन्यात बाहेर. सरांनी त्याला स्टँडमध्ये बसवलं. गोल बसल्यावर अख्खं स्टेडियम "विशू! विशू!" ओरडत होतं. सरांनी मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही.

"मी त्यांच्या पाया पडलो हो," खर्डेकर म्हणाले. "हाफ टाइमला. म्हटलं, सर, शेवटची वीस मिनिटं तरी घ्या. काय म्हणाले माहितीय? म्हणाले, 'रणजित, अकरा पोरं रोज आली, त्यांना मी काय सांगू?' अरे, त्यांना ट्रॉफी दाखवा! आणखी काय सांगायचं?"

"बरोबरच बोलले की सर," इसाक म्हणाला.

"बरोबर बोलून चार वर्षं हरलोय आपण." खर्डेकरांनी टेबलावर बोट आपटलं. मग ते माझ्याकडं वळले. "सेक्रेटरी, तुम्ही सांगा. सर मोठे की कॉलेज मोठं?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मला या प्रश्नाचा तेव्हाही वैताग आला होता आणि आजही येतो, कारण त्याला एकच उत्तर ठेवलेलं होतं.

माझे वडील बाजार समितीत हमाल होते. आमच्या घरात दहावीच्या पुढं कोणी गेलं नव्हतं. कॉलेजात पहिल्याच आठवड्यात ऑफिसातल्या कारकुनानं मला "अहो मोरबाळे" अशी हाक मारली. त्याआधी मला कोणी अहो म्हटलं नव्हतं. फुटबॉलच्या संघात मी तीन वर्षं होतो, त्यातली अडीच बाकावर गेली. पण एसटी स्टँडवर कंट्रोलरची नोकरी लागली तेव्हा मुलाखतीत साहेबांनी विचारलं, "सर्जेरावचे का?" आणि मी हो म्हटल्यावर पुढचं काही विचारलं नाही. त्या नावाचं माझ्यावर फार ऋण होतं.

"कॉलेज मोठं," मी म्हणालो.

"मग मानपत्र तुम्ही लिहा. तुमच्या मिसेसचं अक्षर चांगलं आहे म्हणे. त्यांच्याकडनं उतरवून घ्या. आणि शेवटी एक परिच्छेद टाका, मी सांगतो तसा."

इसाक उठला. दारात थांबून माझ्याकडं बघून म्हणाला, "आन्द्या, लेका, बाकावरच बरा होतास की."

*

मालन, माझी बायको, महापालिकेच्या शाळेत मराठी शिकवायची. तिचं अक्षर असं होतं की फळा पुसायला शिपाई कुरकुर करायचा. आमचं स्थळही सरांनीच जुळवलं होतं. तिचे वडील पाण्याच्या खात्यात सरांबरोबर कामाला. मुलगा कसा आहे विचारल्यावर सर त्यांना म्हणाले होते, "बाकावर बसतो, पण पळून जात नाही." हे ती आल्यागेल्याला हसून सांगायची. मला फारसं हसू यायचं नाही.

पहिले तीन परिच्छेद तिनं एका बैठकीत उतरवले. जाड पांढरा कागद, काळी शाई, बाजूनं वेलबुट्टी. सरांनी पावसाळ्यात मैदानावर चर खणून पाणी कसं काढलं, जोडे नसलेल्या पोरांना कसं खेळवलं, हे तिनं स्वतःच घातलं होतं. मी लिहिलेल्यापेक्षा ते चांगलं झालं होतं.

मग मी शेवटचा कागद पुढं केला. ती मोठ्यानं वाचायला लागली.

"'आता आपण स्वेच्छेने प्रशिक्षकपदाची धुरा नव्या पिढीच्या खांद्यावर सोपवीत आहात. आपल्या या मनाच्या मोठेपणास आम्ही सारे वंदन करतो.'" तिनं वर बघितलं. "सर सोडतायत?"

"हो."

"कधी ठरलं? परवा काकू मंडईत भेटल्या होत्या. काही बोलल्या नाहीत."

"आत्ताच ठरलंय."

"सर स्वतः म्हणाले?"

"खर्डेकरांशी बोललेत ते."

"तुमच्याशी नाही बोलले?"

"अगं, प्रत्येकाशी वेगवेगळं बोलत बसायचं का त्यांनी? कार्यक्रम गुरुवारी आहे, फ्रेमवाल्याला उद्या सकाळी कागद द्यायचाय. लिहितेस का, की मी दुसरीकडनं करून घेऊ?"

मी तिच्यावर असा सहसा चिडायचो नाही. तिनं टाक शाईत बुडवला. "चोपन्न म्हणजे काही वय नाही," ती म्हणाली. "पण थकले असतील. इतकी वर्षं पहाटे उठायचं म्हणजे." आणि तिनं तो परिच्छेद लिहिला. 'स्वेच्छेने' हा शब्द तिनं बाकीच्या शब्दांपेक्षा जरा ठसठशीत काढला. त्यांचा मोठेपणा त्यातच आहे, असं तिला वाटलं असणार.

*

मी सरांना सांगणार होतो. हे कोणाला खरं वाटणार नाही, पण मी बुधवारी संध्याकाळी ड्यूटीवरून सुटून सरळ मैदानावर गेलो ते सांगायलाच.

सर नळीनं मैदानावर पाणी मारत होते. खाकी हाफ पँट, गळ्यात शिट्टी. पोरं एका बाजूला पळत होती.

"आलास? धर हे," म्हणून त्यांनी नळीचं मागचं टोक माझ्या हातात दिलं. "वेटोळी पडतायत, ती सोडवत ये माझ्या मागनं."

मी सोडवत त्यांच्या मागून चालत राहिलो.

"सर, उद्याच्या कार्यक्रमाचं..."

"अरे ते फेट्याचं जरा बघ की. नको म्हणून सांग. डोकं दुखतं माझं. पण बायको ऐकत नाही. म्हणते, पंचवीस वर्षांत एकदा तर घालताय. निपाणीहून मेहुण्याला बोलावलंय तिनं. नवं पातळ काढलंय. आता मी काय बोलणार?" ते हसले. खेळाडूंसमोर सर हसत नसत, म्हणून पळणारी दोन पोरं थबकली. "पळा रे! तुमचं काय चाललंय?" ते ओरडले, आणि मग हळू आवाजात मला म्हणाले, "त्या निळ्या बनियनवाल्याला बघ. डावा पाय बघ त्याचा. अकरावीत आहे. दोन वर्षं दे मला. विद्यापीठात असा डावा पाय नसेल. आणि तो विशू, तो परत आलाय. सोमवारपासनं रोज. कुणी बोलवलं नाही, स्वतः आला."

मी पाहिलं. विश्वजित जांभळे सगळ्यांच्या पुढं पळत होता.

"खर्डेकरांना माहीत आहे हे?" मी विचारलं.

"त्याला कशाला सांगायचं? पोरानं नियम पाळला, त्यात सांगण्यासारखं काय आहे?"

तेव्हाच सांगायला हवं होतं. तोंड उघडलं की झालं असतं. सर चिडले असते, शिव्या दिल्या असत्या, खर्डेकरांकडं गेले असते. काय व्हायचं ते झालं असतं. पण मेहुणा निपाणीहून निघालेला होता, आणि आता सांगून काय उपयोग, असं मी स्वतःला म्हणालो. नळीचं शेवटचं वेटोळं सोडवलं आणि घरी गेलो.

*

कार्यक्रम दणक्यात झाला. खर्डेकर शब्दाचे पक्के. कॉलेजच्या दारात हलगी, पायघड्या, स्टेजवर झेंडूच्या फुलांनी लिहिलेलं सरांचं नाव. सरांना भगवा फेटा बांधला होता. तो त्यांना मोठा झाला होता आणि कपाळावर सारखा उतरत होता. पहिल्या रांगेत त्यांची बायको नव्या पातळात बसलेली, शेजारी निपाणीचा मेहुणा. दोन रांगा मागं मालन. इसाक अगदी मागं भिंतीला टेकून उभा होता.

मानपत्र वाचायचं काम सेक्रेटरीचं. मी वाचायला लागलो. चर खणल्याचं आलं तेव्हा टाळ्या पडल्या. जोडे नसलेल्या पोरांचं आलं तेव्हा मागून कोणीतरी "सरनोबत सरांचा विजय असो" म्हणालं. सर मान खाली घालून बसले होते. लाजलेले होते. एवढा मोठा माणूस लाजतो कसा, ते मी त्या दिवशी पाहिलं.

मग शेवटचा परिच्छेद आला.

"'आता आपण स्वेच्छेने...'" मी वाचलं.

सरांनी मान वर केली. आधी त्यांना वाटलं, आपल्या ऐकण्यात चूक झाली. त्यांनी शेजारी खर्डेकरांकडं बघितलं. खर्डेकर टाळ्या वाजवायच्या तयारीत दोन्ही हात पुढं धरून बसले होते. मग सरांनी माझ्याकडं बघितलं. मी कागदातून डोकं काढलं नाही. वाक्य संपवलं. सभागृहात अशा टाळ्या पडल्या की माइकचा आवाज ऐकू येईना. लोक उभे राहिले. त्यांना खरंच वाटलं, एक मोठा माणूस स्वतःहून खुर्ची सोडतोय.

टाळ्या थांबल्यावर सर उत्तराला उभे राहिले. फेटा डोळ्यांवर आला, तो त्यांनी काढून टेबलावर ठेवला.

"मला भाषण येत नाही," ते म्हणाले. "मानपत्राचं अक्षर चांगलं आहे." मग म्हणाले, "जो कोणी नवीन येईल, त्याला सांगा, सकाळी पाणी मारल्याशिवाय पोरांना पळवू नको. धुरळा नाकात जातो."

आणि ते बसले. परत टाळ्या.

मी खाली बघितलं. मागच्या भिंतीजवळ इसाक नव्हता. सरांच्या बायकोचा चेहरा अजून हसरा होता, पण तो तसाच थिजल्यासारखा राहिला होता. मालन एकटीच टाळ्या वाजवत नव्हती. तिनं दोन्ही हात मांडीवर उलटे ठेवले होते आणि त्यांच्याकडं बघत होती.

*

घरी आल्यावर ती भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. मी भांडायच्या तयारीनं आलो होतो. रस्त्यात सगळी उत्तरं जुळवली होती. कॉलेजसाठी केलं. सर काही कॉलेजचे मालक नाहीत. चार वर्षं हरतोय. मान राखूनच पाठवलं ना.

तिनं साडी बदलली, चहा टाकला, माझ्यापुढं कप ठेवला.

"त्यांना माहीत नव्हतं," ती म्हणाली.

"खर्डेकरांनी सांगितलं असेल असं मला..."

"अहो."

मी कप उचलला.

"माझ्या हातानं लिहून घेतलंत," ती म्हणाली. "उद्या जा त्यांच्याकडं. सांगा काय झालं ते."

"जाईन."

"उद्या."

"हो म्हटलं ना."

दुसऱ्या दिवशी स्टँडवर दोन गाड्या बंद पडल्या आणि मला सुटायला उशीर झाला. त्याच्या पुढच्या दिवशी रविवार असल्यासारखी गर्दी होती. मग मला वाटलं, एक आठवडा जाऊ दे, सर शांत होऊ देत. आठवड्यानं वाटलं, आता मीच जाऊन जखम कशाला उकरायची? मालननं महिनाभरानं एकदा विचारलं, "गेला होता का?" मी म्हणालो, "वेळ कुठं मिळतो?" त्यानंतर तिनं तो विषय काढला नाही. पुन्हा कधीच नाही.

नवीन कोच आला. चांगला होता, उगाच वाईट बोलणार नाही. तिसऱ्या वर्षी आम्ही विद्यापीठाची ट्रॉफी जिंकलो. गोल त्या निळ्या बनियनवाल्यानं डाव्या पायानं मारला. मिरवणूक निघाली. खर्डेकरांनी मला जीपवर ओढून घेतलं. घरी आलो तेव्हा माझ्या कानांत, नाकात, खिशात गुलाल होता. मालननं न्हाणीत गरम पाणी काढून ठेवलं होतं.

"जिंकलो," मी म्हणालो.

"ऐकलं," ती म्हणाली. "डोळे मिटा, डोळ्यांत जाईल," आणि माझ्या डोक्यावर तांब्यानं पाणी ओतलं. आणखी एक शब्द बोलली नाही. मला इतका राग आला तिचा. एवढ्या वर्षांनी ट्रॉफी आली होती!

सर आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडं राहायचे. चालत दहा मिनिटं लागतात. मी त्या गल्लीनं जाणं सोडलं आणि लांबून वळसा घेऊन मंडईत जायला लागलो. लग्नात कुठं समोरासमोर आलो तर ते "काय आनंदा" म्हणायचे, मी "काय सर" म्हणायचो आणि पंगतीचं कारण काढून सटकायचो. दसऱ्याला मालन त्यांच्याकडं सोनं द्यायला जायची. मला दरवेळी स्टँडवर ड्यूटी असायची. रिटायर झाल्यावर ड्यूटी नव्हती, तेव्हा गुडघा दुखायला लागला. ती एकटीच जायची आणि अर्ध्या तासानं यायची. तिथं काय बोलणं झालं, ते मी विचारत नव्हतो आणि ती सांगत नव्हती.

अशी तीस वर्षं गेली.

*

मालन गेल्या श्रावणात गेली. ताप आला, दवाखान्यात नेलं, पाचव्या दिवशी संपलं. त्याबद्दल मला लिहिता येत नाही.

चौथ्या दिवशी सकाळी लोक भेटायला येत होते. कॉलेजच्या माजी विद्यार्थी संघाकडून एक पोरगा छापील शोकसंदेश देऊन गेला. मी अठ्ठावीस वर्षं त्या संघाचं काम केलं होतं. संदेशात मालनचं नाव चुकलं होतं.

दहाच्या सुमाराला सर आले. चौऱ्याऐंशी वर्षांचे. काठी टेकत, एकटेच. माझ्या मुलीनं, अश्विनीनं खुर्ची दिली. ते बसले. मालनच्या फोटोकडं बघत राहिले. मग अश्विनी पाणी आणायला आत गेली आणि आम्ही दोघंच राहिलो.

का कोण जाणे, मला आता ते आणखी एक मिनिटही पोटात ठेवता येईना.

"सर, ते मानपत्र," मी म्हणालो. "शेवटचा परिच्छेद. खर्डेकरांनी सांगितला, पण मानपत्रात घातला मी. मालनला मी खोटं सांगितलं, की तुम्हीच सोडताय. तिची काही चूक नव्हती."

"माहीत आहे मला."

"कोणी सांगितलं?"

"तिनंच." सरांनी काठी दोन गुडघ्यांमध्ये धरली. "सत्काराच्या दुसऱ्या दिवशी. सवयीनं पाचला उठलो होतो. करायला काही नव्हतं, दारात बसलो होतो. उजाडता उजाडता मालन आली. म्हणाली, 'सर, अक्षर माझं आहे. ह्यांनी मला खोटं सांगितलं आणि मी लिहिलं.' उभ्या उभ्या बोलली. बस म्हटलं तरी बसली नाही."

मला आठवलं, त्या दिवशी मी उठलो तेव्हा ती घरात नव्हती. दूध आणायला गेली असेल असं मला वाटलं होतं.

"मी तिला म्हटलं, आनंदाला एवढं सांग," सर पुढं म्हणाले. "एक निरोप दिला तुझ्यासाठी. तर म्हणाली, 'नाही सर. मी नाही सांगणार. ते स्वतः येतील, तेव्हा तुम्हीच सांगा.' म्हटलं, आणि नाही आला तर? म्हणाली, 'येतील.'"

मी मालनच्या फोटोकडं बघितलं.

"दर दसऱ्याला यायची. सोनं द्यायची, माझ्या बायकोशी बोलायची. बायको वारल्यावर माझ्याशी बोलायची. निघताना विचारायची, 'आले होते का हो?' मी म्हणायचो, नाही. मग हसायची. म्हणायची, 'गुडघा दुखतोय त्यांचा. बरा झाला की येतील.' गेल्या दसऱ्यालासुद्धा विचारलं."

आत अश्विनीनं भांडं ठेवल्याचा आवाज आला.

"काय निरोप होता, सर?" मी विचारलं.

सर माझ्याकडं बघत राहिले. पोरानं प्रॅक्टिस बुडवली की ते असेच बघायचे.

"तू कुठं आलास?" ते म्हणाले. "मी आलोय."

ते काठीवर जोर देऊन उठले. सुतकाच्या घरातून निघताना येतो म्हणत नाहीत, म्हणून काही न बोलता पायऱ्या उतरले.

मला असा संताप आला की काय सांगू. सरांचा आला, चौऱ्याऐंशीव्या वर्षीही नियम सोडत नाही म्हणून. मालनचा आला. एकदा म्हणाली असतीस, तीस वर्षांत एकदा, हात धरून ओढत नेलं असतंस. ट्रॉफीच्या दिवशी माझ्या डोक्यावर पाणी ओतत होतीस तेव्हासुद्धा तुला माहीत होतं. रोज संध्याकाळी माझ्यासमोर बसून भाजी निवडत होतीस आणि वाट बघत होतीस. आणि मी गुडघ्याला तेल लावत होतो. ज्याच्यावर चिडायचं ते माणूसच आता घरात नव्हतं.

मी उठलो आणि चपला घातल्या.

"बाबा, कुठं निघालात?" अश्विनी पाण्याचा तांब्या घेऊन दारात आली. "सुतकात कुणाच्या दारात जात नाहीत."

"आलो," म्हणून मी खाली उतरलो.

सर गल्लीच्या कोपऱ्याशी पोचले होते. मी हाक मारली नाही. त्यांच्या मागून पन्नास पावलं ठेवून चालत राहिलो. ते फार हळू चालत होते. चहाच्या गाड्याशी दम खायला थांबले, मी पानाच्या टपरीशी थांबलो. ओळखीचे दोघंतिघं थबकले, माझी वाढलेली दाढी आणि पांढरे कपडे बघून काही न बोलता पुढं गेले. दहा मिनिटांच्या वाटेला आम्हाला अर्धा तास लागला. सरांनी एकदाही मागं वळून पाहिलं नाही. त्यांना माहीत होतं की नाही, ते मला अजून कळलेलं नाही.

ते घरात गेले. दार लागलं. आतून कडी घातल्याचा आवाज आला.

मी रस्त्यावर उभा राहून मनात वाक्य जुळवलं. सर, मी चुकलो. एवढंच. एसटीत मी रोज हजारो माणसांना माइकवरून गाड्या सांगितल्या, मला तीन शब्द जड नव्हते. मी दोन पायऱ्या चढलो आणि कडी वाजवली.

"कोण?"

"आनंदा मोरबाळे."

काठीचा आवाज जवळ आला. कडी निघाली. सरांनी दाराची एकच फळी उघडली आणि मधे उभे राहिले.

"बोल," ते म्हणाले.

मी तोंड उघडलं.

"मालन गेली, सर," मी म्हणालो.

सरांनी काठी भिंतीला लावली आणि दोन्ही हातांनी दाराची दुसरी फळी उघडली.